व्हीसीडी कॉपी करताना इनपुट/आउटपुट एरर येतोय, हे पण डीआरएमच (कंपन्यांचं डिजिटल कुलूप) का? (लिनक्स मिंट)

सांगलीकर_पेंग्विन

मंडळी, पोस्ट लांबलीये, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा.

घरचा लॅपटॉप जुना आहे, सहाव्या पिढीचा आय३. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो रस्ता बंद. धडधाकट मशीन भंगारात द्यायला जीव होईना म्हणून मिंट टाकलं. बाबांना फरकसुद्धा कळला नाही, त्यांना फायरफॉक्स उघडलं आणि पत्त्यांचा डाव मिळाला की झालं. वायफाय, ब्लूटूथ, स्पीकर सगळं पहिल्या फटक्यात चाललं, त्यामुळे मी जरा हवेतच होतो.

तर दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आत ३१ व्हीसीडी. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला सगळा गेला, टीव्ही, फ्रीज, आईबाबांच्या लग्नाचा अल्बम, सगळं चिखलात, पण हा डबा वर होता म्हणून वाचला आणि वाचलाय हे सहा वर्षं कुणाला माहीतच नव्हतं. त्यात विकत घेतलेली नाटकं आहेत, काकाच्या लग्नाची कॅसेटवरून करून घेतलेली आहे, आणि तीन डिस्क अशा आहेत ज्यांच्यावर निळ्या मार्करने लिहिलंय "गणेशोत्सव २००२, अंक १", "अंक २", "अंक ३". गल्लीतल्या मंडळाने बसवलेलं नाटक, केबलवाल्याने शूट केलेलं. त्यात आजोबा आहेत. आजोबांचा हलता-बोलता व्हिडिओ आमच्याकडे दुसरा नाही.

यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला. डिस्क टाकली, डेस्कटॉपवर आयकॉन आला, उघडली, एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर, त्यात एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट. म्हटलं झालं काम. ओढून होम फोल्डरमध्ये टाकली तर लगेच पाटी, "एरर स्प्लाइसिंग फाइल: इनपुट/आउटपुट एरर". परत केलं, तेच. दुसरी डिस्क, तेच. विकतच्या नाटकाची टाकली, तेच. टर्मिनलमधून सीपी (कॉपीची कमांड) केलं, तिथेही तेच. ३१ पैकी मी ९ टाकून बघितल्या, सगळ्यांवर तोच एरर, म्हणजे ओरखड्यांचा प्रश्न नाही. आणि आता कळस बघा, ऑफिसच्या मित्राच्या विंडोज लॅपटॉपला तोच ड्राइव्ह लावला तर तीच फाइल मुकाट्याने कॉपी झाली.

म्हणजे लिनक्स बघून लॉक लागतो का काय? माझं डोकं फिरायला हे निमित्त पुरलं, कारण वर्षभर हेच चाललंय. एका ओटीटीचे पूर्ण पैसे भरतो आणि लॅपटॉपवर ४८० च्या वर चित्र येत नाही, चेहऱ्यांच्या जागी साबुदाण्याची खिचडी दिसते. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे "सर आपलं डिव्हाइस सपोर्टेड नाही", तेच मोबाईलवर मस्त. बँकेचं ॲप फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन चालू आहेत म्हणून उघडायलाच तयार नाही, म्हणजे यूएसबी डीबगिंग करायचं तर आधी बँक बंद करा. आणि सगळ्यात राग कशाचा, तर बाबांसाठी एका ॲपवर १४ मराठी ई-पुस्तकं विकत घेतली होती, ती त्यांच्या जुन्या टॅबवर अपडेटनंतर उघडत नाहीत, कंप्युटरवर वाचायची सोयच नाही, फाइल दिसते पण ती कुलूपबंद. पैसे दिलेत हो मी! आणि ज्याने टेलिग्रामवरून फुकट पीडीएफ उचलली तो कुठेही वाचतोय.

तर प्रश्न साधा आहे. २००२ साली गल्लीतल्या केबलवाल्याने बनवलेल्या डिस्कवर पण डीआरएम असू शकतं का? आणि असेल तर काढायचं कसं?

खटपट्या

आधी डीमेसेज (सिस्टमच्या संदेशांची नोंद) टाक की राव. "चालत नाही" वर कोण काय सांगणार.

मला तरी डिस्क खराब वाटतायत. २००२ च्या सीडी-आर म्हणजे आतला डाय, म्हणजे रंगाचा थर, उडाला असणार. डीडीरेस्क्यू लाव, रात्रभर चालू दे, जेवढं निघेल तेवढं काढतं ते. माझी एक हार्ड डिस्क मी अशीच वाचवली होती.

ओटीटीचं म्हणशील तर सोड, टीव्हीवर बघ. ते भांडण आपण हरलोय.

सांगलीकर_पेंग्विन

डीमेसेजमध्ये एसआर० वर भराभर "आय/ओ एरर" आणि एका ओळीत "इल्लीगल मोड फॉर धिस ट्रॅक". हे "इल्लीगल" वाचूनच तर मला लॉकचा संशय आला.

डीडीरेस्क्यू काल रात्री लावलं. सकाळी बघतो तर सुरुवातीचा थोडासा भाग सोडून सगळं लाल. विकतच्या, एकदम चकचकीत डिस्कवरसुद्धा.

कर्नलकाका

खटपट्या, डीडीरेस्क्यू हे औषध चांगलं आहे पण या रोगावरचं नाही. आणि पेंग्विनभाऊ, तुझ्या डिस्कवर कसलंही कुलूप नाही. व्हीसीडीला कुलूप असं कधी नव्हतंच. १९९३ च्या स्टँडर्डमध्ये एनक्रिप्शन हा प्रकारच नाही, म्हणून तर आपल्याकडे फुटपाथवर ढीग लागायचे.

मग होतंय काय ते सांगतो, नीट वाच, कारण हे कळलं की राग निम्मा कमी होईल. सीडीवर प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. साधी डेटा सीडी असेल तर त्यातले २०४८ बाइट तुमचा माल आणि उरलेल्यात बरीचशी चूकदुरुस्तीची जागा, म्हणजे ओरखडा आला तरी गणित करून हरवलेला बाइट परत काढता येतो. व्हीसीडीवाल्यांनी विचार केला की व्हिडिओत एखादा बाइट गेला तर काय, एक ठिपका हलेल, त्यापेक्षा ती दुरुस्तीची जागा पण व्हिडिओलाच द्या. म्हणून त्यांच्या व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट माल असतो. ज्या डिस्कवर ७०० एमबी डेटा मावतो तिच्यावर व्हिडिओ जवळपास ८०० एमबी बसतो, ८० मिनिटं. याला मोड २ फॉर्म २ म्हणतात.

आता लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, डिस्क माउंट करताना (फोल्डरसारखी जोडताना) धरून चालतो की सगळे सेक्टर २०४८ चे. पहिला ट्रॅक खरंच तसा असतो, म्हणून तुला फोल्डर आणि फाइलचं नाव दिसतं. फाइल उघडायला गेलास की कर्नल दुसऱ्या ट्रॅकवर जाऊन २०४८ मागतो, ड्राइव्ह म्हणतो हा ट्रॅक त्या जातीचा नाही, आणि तुला मिळतं "इल्लीगल मोड". इल्लीगल म्हणजे बेकायदेशीर नव्हे रे, चुकीचा. डीडीरेस्क्यू पण त्याच दारातून आत जातो म्हणून तोही तिथेच अडला. विंडोजमध्ये ही जात ओळखून आख्खे सेक्टर आरआयएफएफच्या वेष्टनात गुंडाळून डॅट फाइल म्हणून देतात, म्हणून तिकडे कॉपी झालं. म्हणजे इथे कुणी दार लावून घेतलेलं नाही, तू खिडकीत उभा राहून दार ठोठावतोयस.

उपाय. कमांड देवनागरीत लिहितोय कारण फोनवर आहे आणि नातवाने इंग्रजी कीबोर्डचं काय केलंय ते मला सापडत नाहीये, टर्मिनलला मात्र मराठी कळत नाही अजून, तेव्हा स्पेलिंग तुझं तू बघ. व्हीसीडीइमेजर नावाचं पॅकेज ॲप्टमधून (मिंटमध्ये सॉफ्टवेअर टाकायची कमांड) टाक. त्यात व्हीसीडीएक्सरिप येतं. डिस्क माउंट झाली असेल तर अनमाउंट कर, रिकाम्या फोल्डरमध्ये जा आणि त्याला ड्राइव्हचं नाव दे, स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर झीरो. एव्हीएसईक्यू०१ डॉट एमपीजी अशी फाइल बाहेर येईल. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसीमध्ये मीडिया, ओपन डिस्क, तिथे व्हीसीडी निवड.

आणि निघाली की मूळ एमपीजी तशीच ठेव. ३५२ बाय २८८ चं चित्र आहे, ते एआयने मोठं करायच्या फंदात पडू नकोस, आजोबांचं नाक कुणा दुसऱ्याचं होईल. व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपी४ कर.

सांगलीकर_पेंग्विन

काका!!! कुठे होता इतके दिवस!

व्हीसीडीएक्सरिपने पहिली डिस्क १५ मिनिटांत बाहेर काढली. अंक १ पूर्ण. मी आणि आई रात्री साडेबाराला बघत बसलो. पहिली चार मिनिटं नुसता पडदा आहे आणि मागे अध्यक्षांचं भाषण, केबलवाल्याने कॅमेरा लावून तो वडापाव खायला गेला असावा. मग आजोबा येतात. त्यांचा आवाज इतका बारीक होता हे मी विसरलो होतो.

अंक २ वर मात्र अडकलं. ही डिस्क घरच्या सीडी प्लेअरमध्ये बरीच फिरलेली दिसतेय, साधारण ४० टक्क्यांवर रिप थांबतं. अंक ३ तर ड्राइव्ह ओळखतच नाही, नुसता घर्र घर्र करतो आणि "नो मीडियम फाउंड".

दुसरं म्हणजे त्याच डब्यात दोन डीव्हीडी पण निघाल्या. एक मावशीने अमेरिकेतून पाठवलेली आहे लहान मुलांची. त्या व्हीएलसीत लागल्या की चित्रावर हिरवे-गुलाबी चौकोन. हे पण सेक्टरचंच का?

कर्नलकाका

अंक २ साठी. आधी डिस्क धू. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग माल खातो. टूथपेस्ट वगैरे लावू नकोस, यूट्यूबवाले काहीही सांगतात. आणि वरची, लिहिलेली बाजू जास्त नाजूक असते हे लक्षात ठेव, चकाकणारा थर तिच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूला निदान मिलिमीटरभर प्लास्टिक आहे. मार्कर पुसायला जाऊ नकोस.

मग वेग कमी कर, इजेक्ट डॅश एक्स ४. पोर्टेबल ड्राइव्ह जोरात फिरवतात आणि मग चुकतात. त्याने नाही झालं तर सीडीआरडीएओ टाकून रीड-सीडी, सोबत रीड-रॉ, म्हणजे तो २३५२ चे आख्खे सेक्टर उचलून एक बिन फाइल बनवेल, मग व्हीसीडीएक्सरिपला ड्राइव्हऐवजी ती बिन फाइल खायला दे. मध्ये दहावीस सेकंद चौकोन दिसतील. दिसू देत.

अंक ३ साठी वेगळा ड्राइव्ह शोधायचा. जुन्या डेस्कटॉपमधले जाडजूड ड्राइव्ह या चपट्यांपेक्षा म्हाताऱ्या सीडी-आर बऱ्या वाचतात, हा माझा अनुभव.

डीव्हीडीचं उत्तर दुसरं कुणीतरी द्या, मला संध्याकाळी फिरायला जायचंय.

बे_एरियातली_बाई

डीव्हीडीचं मी सांगते, कारण त्या मावशीच्या जागी इकडे मी आहे आणि भाचरांना अशा डिस्क मीही पाठवल्यात.

हिरवे-गुलाबी चौकोन म्हणजे हे खरंखुरं कुलूप. डीव्हीडीवर सीएसएस असतं, ४० बिटांचं, आजच्या हिशोबाने अगदीच पोरकट. १९९९ मध्ये डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्राम बाहेर आला आणि ते मोडलं. त्याबद्दल नॉर्वेतल्या योन लेक योहानसन या पोराला कोर्टात खेचलं, प्रोग्राम आला तेव्हा तो १५ वर्षांचा होता, आणि विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर बघता यावी हाच त्याच्या बाजूचा मुद्दा होता. २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष सुटला, जानेवारीत एकदा आणि अपिलात डिसेंबरमध्ये परत. म्हणजे तुझं हे रडगाणं पंचवीस वर्षं जुनं आहे बरं का!

मिंटमध्ये लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाक, ते लिबडीव्हीडीसीएसएसचा सोर्स उतरवून तुझ्या मशीनवरच कंपाइल करतं, आणि नंतर डीपीकेजी-रीकॉन्फिगर चालवायला विसरू नकोस, नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात आणि मग "टाकलं तरी चालत नाही" म्हणून येतात.

दुसरी भानगड रीजनची, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा नंबर. अमेरिकेतली डिस्क रीजन १, भारत रीजन ५. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा, विंडोज फॉरमॅट करा नाहीतर लिनक्स टाका, ड्राइव्हच्या पोटात कोरलेलं असतं. त्यामुळे ती रीजनसेटची कमांड नुसती करून बघू म्हणून चालवू नकोस. बहुतेक वेळा लिबडीव्हीडीसीएसएस रीजनला विचारत पण नाही.

ई-पुस्तकांचं म्हणशील तर इकडेही तीच रड. किंडलवर पुस्तक कंप्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय होती, ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आलाय की डिजिटल वस्तूवर नुसतं "खरेदी करा" असं बटण ठेवून चालणार नाही, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की हा परवाना आहे आणि तो काढून घेतला जाऊ शकतो. त्याने कुलूप निघत नाही, फक्त आता दारावर पाटी लागलीये. वाचतं कोण ती.

प्रुफं_वाचणारा

इथे सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. मी एका छोट्या मराठी प्रकाशनात काम करतो. आमच्या पुस्तकाची आवृत्ती हजाराची, ती संपायला दोन-तीन वर्षं. ई-बुक काढलं त्याच आठवड्यात पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर, वर "ज्ञान वाटल्याने वाढते" असा मेसेज. लेखिकेने मला तो फॉरवर्ड करून विचारलं, "हे तुम्ही पाठवलंत का?" काय उत्तर देणार? मग मालक म्हणाले कुलूप लावणाऱ्या ॲपवरच द्या. तुम्हाला त्रास होतो हे मान्य, पण आम्ही हौसेने नाही लावलं.

खटपट्या

मान्य आहे, पण कुलूप लावल्यावर व्हॉट्सॲपवर येणं थांबलं का ते सांगा ना.

प्रुफं_वाचणारा

नाही. स्क्रीनशॉट काढून कुणीतरी ३०० पानांची पीडीएफ केली. लोकांना वेळ फार.

आणि आता तुमच्यासारखे गिऱ्हाईक मेल करतात की पुस्तक उघडत नाही, ती मेलं मलाच बघावी लागतात, ॲपवाले उत्तर देत नाहीत. गेल्या महिन्यात एका आजींचा फोन आला, मोबाईल बदलला तर सहा पुस्तकं गेली. मी त्यांना गुपचूप छापील प्रती पाठवल्या. मालकांना सांगू नका.

बे_एरियातली_बाई

यावर काही प्रकाशक करतात तो मधला मार्ग चांगला आहे, कुलूप नाही, पण ईपबच्या (ई-पुस्तकाच्या फाइलच्या) पहिल्या पानावर आणि आत कुठेतरी घेणाऱ्याचं नाव छापायचं. स्वतःच्या नावाची फाइल दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकताना माणूस जरा थबकतो. आणि ती फाइल कुठल्याही रीडरवर, कॅलिबरमध्ये, लिनक्सवर, कुठेही उघडते.

सांगलीकर_पेंग्विन

प्रुफंवाले, तुमच्यावर राग नाही हो. मी तर म्हणतो नाव काय, माझा फोटो छापा पहिल्या पानावर, पण बाबांना वाचू द्या.

एक शंका. हे डीव्हीडीचं कुलूप काढणं भारतात गुन्हा आहे का? नाहीतर आजोबांच्या नादात मी आत जायचो.

कलम_कसाई

वकील आहे पण हा सल्ला नाही, गप्पा समजा.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात चार शब्द फार महत्त्वाचे आहेत, "हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने". नुसतं तोडलं म्हणून नाही, भंग करायच्या इराद्याने तोडलं तर. आणि पुढच्याच पोटकलमात म्हटलंय की या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी असं करायला हरकत नाही. स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी वापराची सूट कलम ५२ मध्ये आहेच. अमेरिकेत १९९८ चा कायदा याहून पुष्कळ कडक आहे, तिथे तोडणंच मुळात बेकायदेशीर आणि मग दर तीन वर्षांनी सवलतींची यादी निघते. आपला त्या मानाने समंजस निघाला, हे मी सहसा आपल्या कायद्यांबद्दल म्हणत नाही.

आता गंमत ऐका. त्याच पोटकलमाला एक परंतुक आहे. अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कशासाठी मदत केली याची पूर्ण नोंद ठेवायची. म्हणजे बे एरियातल्या बाई सांगलीत बसल्या असत्या तर त्यांनी आत्तापर्यंत वही घातली पाहिजे होती.

मात्र तोडून कॉपी काढून मित्रांना वाटलीस तर तो सरळ भंग, तिथे मला फोन करू नकोस.

आणि मंडळाचं नाटक म्हणतोस, ते आजोबांनी केलं असलं तरी लिहिलं कुणी? संहिता कुणा लेखकाची असेल तर यूट्यूबवर चढवायच्या आधी तेही बघ. घरात बघायला कोण अडवतंय.

बे_एरियातली_बाई

वही घातली. पान १, पेंग्विन, सांगली, कारण: हिरवे चौकोन.

खटपट्या

ओटीटीच्या ४८० चं खरं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून आज वाचून आलो, उगाच हरलोय म्हणून मोकळा झालो होतो. त्यांच्या वाइडवाइन कुलपाच्या पातळ्या असतात, एल१ म्हणजे उलगडा हार्डवेअरच्या सुरक्षित कप्प्यात होतो, एल३ म्हणजे नुसता सॉफ्टवेअरमध्ये. बहुतेक फोनना एल१ मिळतं, आपल्या लिनक्सच्या ब्राउझरला एल३. आणि एल३ ला किती चित्र द्यायचं हे ओटीटीवाला ठरवतो, कोणी ७२०, कोणी ४८०. म्हणजे तुझ्या लॅपटॉपमध्ये, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये, नेटमध्ये काहीही खोट नाही, उगाच ड्रायव्हर बदलत बसू नकोस, मी एक शनिवार घालवलाय त्यात. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएमवाला कंटेंट चालवा अशी टिक आहे ती केलीस तर निदान चालतं, एवढंच.

वाईट याचं वाटतं की जो पैसे भरतो त्याला खिचडी.

आणि डीडीरेस्क्यूबद्दल सॉरी, रात्र फुकट घालवली तुझी.

सांगलीकर_पेंग्विन

अपडेट. सॉरीबिरी काही नाही रे खटपट्या.

अंक २ निघाला! धुतली, वेग ४ वर आणला, तरी अडकला, मग काकांचा रॉ वाला उपाय केला. दोन ठिकाणी चित्र फुटतं, एका ठिकाणी साधारण दहा सेकंद नुसते चौकोन आणि आवाज करवतीसारखा, पण बाकी सगळं आलं. विकतच्या २६ नाटकांपैकी २४ निघाली, काकाचं लग्न पण निघालं. काकूला क्लिप पाठवली, तिचं उत्तर आलं "ही साडी कुठे गेली असेल". ही सगळी कुलूप नसलेली, फुटपाथच्या लायकीची म्हणून हसलो आपण ज्यांना, त्या डिस्क २३ वर्षांनी चालतायत, आणि माझी दोन वर्षांपूर्वीची १४ पुस्तकं बंद आहेत. ॲपवाल्यांना पाचवं मेल टाकलंय.

डीव्हीडी पण लागली, ताईंचं डीपीकेजी-रीकॉन्फिगर मी अर्थातच विसरलो होतो.

काल अंक २ बाबांना दाखवला. त्यात एक जागा आहे, आजोबा वाक्य विसरतात आणि विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज येतो, आजोबांपेक्षा मोठा, पहिल्या रांगेतले लोक हसतात. बाबा बघता बघता एकदम म्हणाले, "मोठ्याने सांगायला लागायचं, उजव्या कानाने कमी ऐकू यायचं त्यांना." तो आवाज बाबांचा आहे. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं ते प्रॉम्प्टिंग करायचे.

आता अंक ३ साठी जीव अडकलाय, बाबा रोज विचारतात. सांगली-मिरज-कुपवाड भागात कुणाकडे जुना डेस्कटॉपवाला ड्राइव्ह आहे का? विकत द्या नाहीतर एक दिवस वापरायला द्या.

मिरज_जंक्शन

वाचनमात्र होतो, आता लिहितो. माझं रिपेअरिंगचं दुकान होतं, आता नाही, पण कपाटात सात-आठ ड्राइव्ह पडून आहेत, साटा जोडणीवाले पण आहेत, त्याहून जुन्या आयडीईवाले पण. एक जुना सीडी रायटर आहे तो कशालाही नाही म्हणत नाही, फक्त ट्रे अडकतो, टाचणीने उघडावा लागतो.

रविवारी सकाळी ये, दहाच्या आधी नको. डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून आणू नकोस, शाई लागते, जुन्या सुती धोतराचा तुकडा बघ घरात. आणि बाबांना घेऊन ये.

सांगलीकर_पेंग्विन

येतो. टाचणी मी आणतो.